थोड्या प्रतींची मोठी भित्तिपत्रके : नागपूर-विदर्भाच्या संदर्भात एक विचार

मराठी मुद्रणाचा इतिहास आजवर बहुतांशी ग्रंथांचा व नियतकालिकांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. १८३१ साली गणपत कृष्णाजींनी मुंबईत शिळाछापावर पंचांग छापले, तेथून हे कथन सुरू होते आणि जावजी दादाजींच्या निर्णयसागरावरून वृत्तपत्रांकडे वळते. नागपूरचा उल्लेख आलाच तर तो १९११ चा 'हितवाद' किंवा १९१४ चे 'महाराष्ट्र' यांच्या निमित्ताने येतो. भिंतीवर चिकटवावयाच्या मोठ्या कागदाला या इतिहासात जागा मिळालेली नाही. त्यातही ज्या नाटक मंडळीला, कामगारसभेला किंवा उत्सवसमितीला अवघ्या पन्नास-शंभर प्रती हव्या असत, तिने आपली गरज कशी भागविली हा प्रश्न तर कोणी विचारलेलाच नाही. हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. परंतु सार्वजनिक जीवनाची कोणती साधने आपल्यापर्यंत पोहोचली आणि कोणती पोहोचली नाहीत, हे पुष्कळ अंशी त्यावर अवलंबून आहे.

मूळ अडचण कागदाची नसून पूर्वतयारीची आहे. समजा, एका भित्तिपत्रकाच्या पूर्वतयारीस शंभर रुपये व दर प्रतीस एक रुपया पडतो. हजार प्रती काढल्यास प्रत्येक प्रत एक रुपया दहा पैशांना पडेल; दहाच काढल्यास अकरा रुपयांना. कागदाचा आकार वाढला की पूर्वतयारीचा खर्च अधिकच वाढतो. म्हणून मोठा आकार आणि थोड्या प्रती या दोन गोष्टी छापखान्याच्या हिशेबात सहसा एकत्र नांदत नाहीत.

शिळामुद्रणात हे विशेष स्पष्टपणे दिसते. सेनेफेल्डरने अठराव्या शतकाच्या अखेरीस बव्हेरियात शोधून काढलेल्या या पद्धतीत शिळेवर स्निग्ध शाईने थेट चित्र काढता येते. खिळे लागत नाहीत, अक्षरांच्या वळणावर बंधन नसते. देवनागरीसारख्या मात्रा-वेलांट्यांनी भरलेल्या लिपीला ही मोठीच सोय होती. परंतु शिळा जड असते. तीस इंच रुंद, चाळीस इंच लांब व चार इंच जाड शिळेचे वजन सुमारे दोनशे किलो भरते आणि प्रत्येक रंगास निराळी शिळा लागते. पुण्याचा १८७८ सालचा चित्रशाळा छापखाना किंवा राजा रविवर्म्याचा १८९४ सालचा छापखाना यांना हा भार पेलला, कारण त्यांची देवादिकांची चित्रे घरोघर खपत होती. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी १९२० नंतर आपल्या चित्रपटांसाठी भित्तिपत्रके केली, तीही एका गावापुरती नव्हती. ज्याचा खेळ एका गावात एक रात्र होणार, त्याला शिळेचा मार्ग बंदच होता.

दुसरा मार्ग खिळाछापाचा. मोठ्या अक्षरांसाठी शिशाचे खिळे जड व महाग पडतात म्हणून लाकडी खिळे वापरीत. रोमन लिपीत सव्वीस अक्षरांची मोठी व लहान रूपे आणि अंक असले की काम भागते. देवनागरीच्या पूर्ण संचात जोडाक्षरे धरून शेकडो खिळे येतात आणि इंच-दोन इंच उंचीचा असा संच बाळगणे लहान छापखान्याला परवडण्यासारखे नसते. यातून निघालेली तोड साधीच होती. मथळ्याचे दोन-चार शब्द लाकडावर किंवा लिनोलियमवर उलटे कोरून घ्यावयाचे व उरलेला मजकूर नेहमीच्या खिळ्यांनी जुळवावयाचा. यंत्र लहान असल्यास पत्रक दोन-तीन तुकड्यांत छापून भिंतीवरच जोडीत. जोडाची रेघ दिसे. पण रस्त्यावरून जाणाऱ्याला मथळा वाचता आला म्हणजे काम झाले.

याहून महत्त्वाची युक्ती खर्चाची विभागणी करण्याची होती. नाटक मंडळीचे नाव, चित्र व वेलबुट्टी बदलत नसत. बदलत ते गाव, तारीख व तिकिटाचे दर. न बदलणारा भाग एकदाच मोठ्या संख्येने छापून घ्यावयाचा, खाली पट्टी कोरी ठेवावयाची आणि मुक्कामाच्या गावी तेथील ट्रेडल यंत्रावर किंवा चक्क कुंचल्याने ती भरावयाची. चित्रपटांच्या भित्तिपत्रकांवरील चित्रगृहाच्या नावाची कोरी जागा हीच परंपरा पुढे चालविते. चित्रपटवितरणात 'सी. पी. बेरार' हा विभाग तो प्रांत नाहीसा झाल्यावरही नावानिशी टिकून राहिला. अशा विस्तीर्ण विभागात एकच छापील चित्र गावोगाव फिरे व प्रत्येक ठिकाणी त्याला स्थानिक हात लागे. छापील आणि हस्तलिखित असा जो भेद संशोधक गृहीत धरतात, तो या कागदांवर टिकत नाही.

प्रती फारच थोड्या असल्या तर छापणे सोडून देणे हेच शहाणपणाचे ठरे. याचे सर्वांत मोठे उदाहरण नागपुरातले नाही, तरी त्याची प्रेरणा शेजारच्या वर्ध्याची आहे. वर्ध्यास १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने हातकागदाचा पुरस्कार केला होता. खानदेशातील फैजपूर काँग्रेसची सजावट १९३६ साली नंदलाल बोस यांनी केली. त्यानंतर १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनासाठी गांधीजींच्याच सांगण्यावरून त्यांनी हातकागदावर ग्रामजीवनाची चित्रे रंगविली. सुमारे ऐंशी मूळ चित्रे त्यांची. सहकाऱ्यांनी व विद्यार्थ्यांनी त्यांच्या नकला करून एकूण संख्या चारशेच्या घरात नेली. यंत्राऐवजी कुशल हातांची संख्या वाढवून प्रती काढण्याचा हा प्रकार होय. ती चित्रे नामवंत चित्रकाराची म्हणून जपली गेली. बाजारपेठेतील पेंटरने रंगविलेल्या फलकाला ते भाग्य लाभणे शक्य नव्हते.

कायद्यानेही या बाबतीत हात आणि यंत्र यांत भेद केला आहे. १८६७ च्या कायद्याप्रमाणे छापील कागदावर मुद्रकाचे नाव व मुद्रणस्थळ देणे आवश्यक होते. परंतु सरकारी सूचीत नोंद होई ती पुस्तकांची. नकाशा किंवा स्वरलिपीचा सुटा कागददेखील 'पुस्तक' या व्याख्येत बसत असे, भिंतीवरची जाहिरात मात्र बसत नसे. १९१० च्या कायद्याने नव्या छापखानदाराकडून ५०० ते २००० रुपये जामीन घेण्याची तरतूद केली. असा छापखानदार राजकीय सभेचे शंभर प्रतींचे काम घेण्यापूर्वी दोनदा विचार करणार हे उघड आहे. स्वातंत्र्योत्तर काळात लोकप्रतिनिधित्व कायद्यात १९६१ साली घातलेले कलम १२७-क तर अधिकच बोलके आहे. निवडणूक-भित्तिपत्रकावर मुद्रक व प्रकाशक यांची नावे हवीत, जिल्ह्यात छापलेल्या पत्रकाची प्रत जिल्हादंडाधिकाऱ्याकडे गेली पाहिजे. मात्र हाताने केलेली नक्कल 'मुद्रण' नव्हे, आणि केवळ सभेची तारीख, वेळ व स्थळ सांगणारे पत्रकही यातून वगळलेले. म्हणजे सर्वांत स्वस्त, सर्वांत स्थानिक असे जे साहित्य, तेच दप्तराबाहेर राहिले. याउलट ब्रिटिश सरकारने जप्त केलेली पत्रके दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात व लंडनमध्ये आजही पाहावयास मिळतात. जप्ती हीच येथे जतनाची सर्वांत खात्रीची व्यवस्था ठरली!

पन्नास ते पाचशे प्रतींच्या टप्प्यात खरे उत्तर दिले ते जाळीछपाईने, म्हणजे आजच्या बोलीतील स्क्रीन प्रिंटिंगने. मँचेस्टरच्या सॅम्युएल सायमनने १९०७ साली रेशमी जाळीचे एकस्व घेतले. लाकडी चौकट, ताणलेले कापड, रबरी पट्टी व शाई एवढेच साहित्य. चौकट मोठी केली की आकार वाढतो, आणि रंगागणिक एक चौकट पुरते. शिळेचे वजन नाही, खिळ्यांचा संच नाही. पेंटरला आपल्याच खोलीत हे काम करता येऊ लागल्याने पेंटर व छापखानदार यांतील सीमा पुसट झाली. चालू शतकाच्या आरंभी पसरलेल्या फ्लेक्सने पूर्वतयारीचा खर्च जवळजवळ शून्यावर आणला. दर चौरस फुटाला लागतो. पहिली प्रत आणि शंभरावी प्रत सारख्याच किमतीची. शंभर वर्षे जो हिशेब छापखान्याला बांधून होता, तो येथे संपला, आणि त्याबरोबर कुंचल्याचे कामही बव्हंशी संपले.

झाडीपट्टीतील नाट्यव्यवहारात मात्र जुना हिशेब अद्याप ओळखता येतो. वडसा येथे कचेऱ्या थाटून बसलेल्या मंडळ्या दिवाळीनंतर मंडई व शंकरपटाच्या निमित्ताने गावोगाव खेळ करतात. मंडळी तीच, गाव, तारीख व आयोजक दर रात्री वेगळे. अशा एका हंगामातील पत्रके तारखांच्या क्रमाने लावली, तर मंडळीच्या फिरतीचा नकाशा हाती येतो. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने १९६४ पासून चित्रपटांची भित्तिपत्रके सांभाळली आहेत. नाटकांची व सभांची पत्रके शोधावयाची तर छापखान्यांच्या नमुनावह्या, पेंटरांच्या घरचे माळे आणि जिल्हाकचेऱ्यांतील निवडणूक-दप्तरे येथूनच आरंभ करावा लागेल.