ॲम्प्लिफायर का तापतो? कपाटात कोंडण्याआधी हे वाचा

उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात दुपारी सलग दोन-तीन तास गाणी वाजली की आधी आवाज फाटतो आणि मग मशीन आपोआप बंद पडतं. अर्ध्या तासाने परत चालू होतं. आपण म्हणतो, कंपनीच खराब निघाली. पण असं होत असेल तर पहिला संशय उष्णतेवर घ्यावा. होम थिएटर असो, रिसिव्हर असो, नाहीतर बाजारात जोडून मिळालेला बोर्डाचा ॲम्प्लिफायर असो, प्रत्येकाला गरम हवा बाहेर जायला वाट लागते.

तापणं हा बिघाड नाही

ॲम्प्लिफायर जेवढी वीज घेतो, तेवढी सगळी स्पीकरला देत नाही. जुन्या पद्धतीच्या, म्हणजे क्लास एबी सेटमध्ये मोठ्या आवाजात १०० वॅट वीज गेली, तर साधारण ६० वॅट स्पीकरला जाते आणि ४० वॅटची नुसती उष्णता होते. पेटीत ४० वॅटचा पिवळा बल्ब लावून झाकण बंद केल्यासारखंच ते. मध्यम आवाजातही हे सेट चांगलेच तापतात. गाणं बंद असलं तरी स्विच चालू असेल तर थोडे कोमट राहतात. नवीन क्लास डी सेट ८५ ते ९० टक्के वीज कामाला लावतात, त्यामुळे कमी तापतात.

ही उष्णता बाहेर टाकायला आत किंवा मागच्या बाजूला ॲल्युमिनियमचे पंख असतात. त्याला हीट सिंक म्हणतात. ट्रॅक्टरच्या रेडिएटरचं जे काम, तेच याचं. रेडिएटरच्या जाळीत भुसा अडकला की इंजिन तापतं, तसंच इथेही.

उन्हाळ्यात जास्त त्रास का?

समजा हीट सिंक खोलीपेक्षा ३५ अंशांनी जास्त तापतो. हिवाळ्यात खोली २० अंशांवर असेल तर तो ५५ अंशांपर्यंत जाईल. मे महिन्यात खोली ४२ अंशांवर गेली की तोच ७७ वर पोहोचतो. सेट तोच, आवाजही तोच.

आतल्या फिल्टर कपॅसिटरवर सहसा ८५ किंवा १०५ अंशांची मर्यादा छापलेली असते. मेकॅनिक लोकांचा ढोबळ हिशोब असा, की तापमान १० अंशांनी वाढलं की कपॅसिटरचं आयुष्य निम्मं होतं. घुंऽऽ असा आवाज कायम येऊ लागला की कपॅसिटर फुगलाय का ते तपासून घ्यावं.

घरोघरी होणाऱ्या चुका

- वर रुमाल किंवा विणलेलं कापड टाकणं. गरम हवा वर जाते, आणि आपण नेमकी तीच वाट बंद करतो. धूळ नको म्हणून टाकायचंच असेल तर सेट बंद करून थंड झाल्यावर टाका.
- शोकेसच्या बंद खणात ठेवणं. वर निदान अर्धी वीत, म्हणजे १० सेंटिमीटर जागा मोकळी हवी. मागे आणि बाजूलाही थोडी सोडा. काचेचं दार वाजवताना उघडं ठेवा.
- एकावर एक रचणं. ॲम्प्लिफायरवर सेट टॉप बॉक्स, त्यावर राऊटर असं करू नका. जास्त तापणारी वस्तू सगळ्यात वर ठेवा.
- गादीवर किंवा सतरंजीवर ठेवणं. खालची भोकं बंद होतात.
- जास्त स्पीकर जोडणं. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की ४ ओहम होतात, चार जोडले की २ ओहम. ओहम कमी झाले की करंट वाढतो. सेटच्या मागे कमीत कमी किती ओहम चालतात ते लिहिलेलं असतं, त्याच्या खाली जाऊ नका.
- फ्यूजच्या जागी तांब्याची तार घालणं. ही सगळ्यात धोक्याची. फ्यूज उडतो तो सेट आणि घर वाचवायला. तार घातली की ट्रान्सफॉर्मर जळेपर्यंत वीज थांबत नाही. जेवढ्या अँपिअरचा फ्यूज होता तेवढ्याचाच घाला.

गावाकडे व्होल्टेजचाही खेळ असतो. रात्री उशिरा लोड कमी झाला की व्होल्टेज वाढतं, आणि ट्रान्सफॉर्मरवाले सेट तेव्हा जास्त तापतात. भजन, सप्ताह अशा रात्रभराच्या कार्यक्रमात हे ध्यानात ठेवा.

पंखा लावावा का?

बोर्डाच्या सेटला १२ व्होल्टचा छोटा कॉम्प्युटर पंखा बसवता येतो. तो गरम हवा बाहेर खेचेल असा, वरच्या किंवा मागच्या बाजूला बसवावा. हवा आत यायला खाली भोकं असावीत. भोकांना बारीक जाळी लावा, नाहीतर पाल आत जाऊन शॉर्ट होतं. पंख उभे राहतील असाच सेट ठेवा. आडवा केला तर हवा पंखांमधून नीट वर चढत नाही.

साफसफाई

वर्षातून दोनदा, होळीनंतर आणि दिवाळीच्या आधी धूळ काढा. प्लग काढून अर्धा तास थांबा आणि बाहेरूनच ब्रश फिरवा. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर वापरू नका, त्याच्या हवेत पाणी असू शकतं. झाकण उघडायचं काम मेकॅनिकलाच द्या, कारण प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये करंट साठलेला असतो. सेट उघडलाच आहे तर हीट सिंकची पांढरी पेस्ट सुकलीय का तेही बघायला सांगा.

कधी थांबायचं?

वाजत असताना झाकणावर तळहात ठेवून बघा. आरामात टेकवता आला तर ठीक. दोन-तीन सेकंदांत हात काढावा लागला तर आवाज कमी करा आणि सेटला मोकळी हवा द्या. जळका वास किंवा धूर आला तर आधी बोर्डावरचा स्विच बंद करा, मग प्लग काढा. विजेच्या वस्तूवर पाणी ओतू नका. मेन स्विच बंद झाल्याशिवाय हातही लावू नका. झोपताना आणि शेतावर जाताना रिमोटने नाही, बोर्डावरूनच बंद करा. अर्धी वीत जागा सोडायला पैसे लागत नाहीत, जळालेला ट्रान्सफॉर्मर बदलायला मात्र लागतात.