सन १८५० चा २१ वा कायदा व पतिताचा दायभाग

इ. स. १८५० च्या २१ व्या कायद्याविषयीं दोन मतें रूढ आहेत. एक असें कीं, मिशनऱ्यांच्या आग्रहास्तव सरकारनें धर्मशास्त्र बुडविलें. दुसरें असें कीं, हा केवळ धर्मस्वातंत्र्याचा कायदा होय. दोन्ही पक्षांनीं मूळ ग्रंथ पुरते पाहिलेले दिसत नाहींत.

कायद्याचें कलम एकच. धर्म सोडल्यामुळें किंवा जातिबहिष्कृत झाल्यामुळें कोणाचा मालमत्तेचा वा वारशाचा हक्क जाऊं नये, एवढाच त्याचा आशय. त्यांत 'ख्रिस्ती' हा शब्द नाहीं. तथापि लाभ मुख्यत्वें ख्रिस्ती झालेल्यांस होणार हें उघड होतें, व म्हणूनच कलकत्ता आणि मद्रास येथील हिंदूंनीं विरोधाचे अर्ज केले. प्रस्तावनेंत आधार दाखविला आहे तो बंगालच्या १८३२ सालच्या ७ व्या रेग्युलेशनचा. दख्खनच्या रूढीचें तेथें नांवही नाहीं.

आणि ही रूढि तर सरकारनें स्वतःच टिपून घेतली होती. आर्थर स्टील यानें पुण्याचे शास्त्री व निरनिराळ्या जातींचे प्रमुख यांस विचारून दख्खनांतील जातींच्या चालींचा संग्रह केला. तो १८२७ सालीं छापला गेला. त्याच सालच्या मुंबईच्या ४ थ्या रेग्युलेशननें, जेथें सरकारी कायदा नाहीं तेथें देशाची वहिवाट प्रथम पाहावी, असें ठरविलें. तेवीस वर्षांत चौकशीची ही पद्धति मागें पडली.

आतां शास्त्र. मनु व याज्ञवल्क्य दोघेही पतितास निरंश ठरवितात. येथवर कायद्याचे विरोधक बरोबर आहेत. परंतु आपल्या प्रांतीं प्रमाण मानलेली मिताक्षरा पुढें सांगते कीं, विभागापूर्वीं दोष असेल तरच अंश जातो, विभक्त झालेल्याचा जात नाहीं. आणि प्रायश्चित्तादिकांनीं दोष गेल्यास अंश मिळतो. हा भाग अर्जदारांच्या कैवाऱ्यांकडून सहसा ऐकूं येत नाहीं. प्रायश्चित्त केवळ पोथींतलें होतें असेंही नव्हे. नेताजी पालकरास १६७६ त स्वधर्मांत घेतलें. १८४३ त मुंबईस श्रीपत शेषाद्रि या मुलास न्यायालयानें मिशनऱ्यांकडून बापाच्या स्वाधीन केलें, तेव्हां बाळशास्त्री जांभेकरांनीं त्याच्या शुद्धीचा पक्ष घेतला. विरोध केला तो स्वजातीयांनींच. जातीनें दार लावून घ्यावें आणि मग सरकारनें भिंत पाडली म्हणून ओरडावें, ही तऱ्हा कांहीं बरी नव्हे.

याज्ञवल्क्य पतिताबरोबर 'तज्ज', म्हणजे पतितापासून झालेला पुत्र, यासही वगळतो. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्याचें २६ वें कलम वाचतांना मला हाच शब्द आठवला. धर्मांतरानंतर झालेल्या अपत्यास हिंदु नातलगांचा वारसा नाहीं, मात्र वारसा उघडतेवेळीं तें हिंदु असल्यास आहे. १८५० च्या कायद्यानें खुद्द धर्मांतर करणाऱ्यास राखलें होतें. त्याच्या संततीचा प्रश्न एका शतकानंतर जुन्याच रेषेवर येऊन थांबला.

स्टीलच्या उत्तरांची खरी पारख स्थानिक कागदांवरून होईल. आमच्या मुळशी तालुक्यांत वतनदार घराणीं पुष्कळ. बहिष्कृताच्या वांट्याविषयींचे महजर, निवाडपत्रें, शुद्धिपत्रें त्यांच्या दप्तरांत असणें अशक्य नाहीं. १९२१ त सत्याग्रह झाला तरी मुळशीचें धरण बांधलें गेलें व गांवें पाण्याखालीं गेलीं. तेथून उठलेल्या कुटुंबांनीं रुमाल कोठें नेले, याचा शोध आधीं व्हावा. पौड खोऱ्यांतील असा एखादा कागद कोणा संग्राहकापाशीं असल्यास त्यानें त्याची नक्कल मंडळाकडे पाठवावी, ही विनंती.