त्सुगश्पिट्सेचा माथा

जर्मनींतील सर्वांत उंच शिखरावर जावयास आज दहा मिनिटें लागतात. गेल्या जानेवारींत एके सकाळीं आम्ही बव्हेरियाच्या दक्षिण सीमेवरील आइबझे ह्या सरोवराच्या कांठीं तिकिटांसाठीं उभे होतों. समोर त्सुगश्पिट्सेचा कडा सरळ आभाळांत गेलेला होता. त्याची उंची २९६२ मीटर, म्हणजे सुमारें ९७०० फूट. रज्जुमार्गाची गाडी म्हणजे एकशें वीस माणसें मावतील अशी कांचेची खोलीच. तींत बर्फावरून घसरण्याच्या लांबलचक पट्ट्या घेतलेल्या तरुणांच्या गर्दींत आम्हांसारख्या प्रौढांनींहि अंग चोरून जागा मिळविली. वाटेंत १२७ मीटर उंचीचा एकच मनोरा आहे. तो मागें पडला म्हणजे पुढें ३२१३ मीटर दोरास कोठेंहि आधार नाहीं. कानांत दडे बसले, कोणी तरी जांभई दिली, आणि आम्ही १९४५ मीटर वर चढून आलों होतों.

वर वारा असा होता कीं बोलतां येईना. चाळीस मिनिटें इकडेतिकडे पाहून, गरम कॉफी घेऊन, आम्ही परतलों. परंतु त्या चाळीस मिनिटांत गच्चीच्या कडेला एक लहानसा जुना मनोरा दिसला, आणि त्याचा इतिहास ठाऊक असल्यामुळें आमच्या ह्या सहलीचा थोडा संकोच वाटला.

ह्या शिखरावर प्रथम पोंचलेल्या माणसांत हौसेनें गेलेला कोणी नव्हता. फ्रेंच सैन्य बव्हेरियांत उतरलें असतां त्यास नकाशांची गरज पडली, व १८०१ सालीं तेथें नकाशांचें एक सरकारी खातें निघालें. त्याच खात्याचा लेफ्टनंट योझेफ नाउस मोजणी करीत ह्या डोंगरांत आला, आणि २७ ऑगस्ट १८२० रोजीं टाउश्ल नांवाचा वाटाड्या व एक सहाय्यक ह्यांच्यासह माथ्यावर चढला. वादळानें त्यांस तेथें फार वेळ ठरूं दिलें नाहीं. (अठराव्या शतकांतील एका नकाशावरून असें दिसतें कीं स्थानिक लोकांस ही वाट पूर्वींच माहीत असावी. शोधाचा मान नेहमीं लिहून ठेवणाऱ्यासच मिळतो, धनगरास नाहीं.) पुढें १८५१ च्या ऑगस्टांत क्रिस्टोफ ओट ह्या धर्मोपदेशकाच्या खटपटीनें अठ्ठावीस हमालांनीं लोखंडाचा मुलामा दिलेला क्रूस तुकडे करून वर नेला. हा ओट होहेनपाइसेनबेर्ग ह्या टेकडीवर राहत असे. तेथें १७८१ पासून हवामानाच्या नोंदी होत असत, व त्या नोंदी घेण्याचें काम त्याच्याकडे होतें. रोज आभाळ न्याहाळणाऱ्या माणसास समोरचें उंच शिखर क्रूसावांचून उघडें दिसे, हें त्यास सहन झालें नाहीं.

पण हे सारे उन्हाळ्यांतले पाहुणे. हिवाळ्यांत वर जाणें १८८२ च्या जानेवारीपर्यंत कोणास साधलें नव्हतें. आणि जाणें निराळें, राहणें निराळें. १८९७ त पर्वतारोहण-संघानें खडक फोडून माथ्यावर एक विश्रामगृह बांधलें. त्याला लागूनच वेधशाळेचा मनोरा उभा राहिला, आणि १९ जुलै १९०० रोजीं ती वेधशाळा सुरू झाली. पहिला निरीक्षक योझेफ एन्त्सेनस्पेर्गर, वय वर्षें सत्तावीस, स्वतः कसलेला गिर्यारोहक. हिवाळा लागला, विश्रामगृह बंद झालें, आणि हा तरुण त्या मनोऱ्यांत एकटा राहिला. हवेचा दाब, उष्णमान, वारा, ढग, बर्फ ह्यांच्या नोंदी ठरल्या वेळीं झाल्याच पाहिजेत. यंत्रांवर धरलेलें बर्फ हातानें काढलें पाहिजे. खालचें खोरें ढगांखालीं बुडालेलें, आणि खालीं जाण्याची वाट अशी कीं हिमकडा कोसळल्यास कोणास कळावयाचें नाहीं. आम्हांस चाळीस मिनिटांत नकोसा झालेला वारा त्यानें महिनोन्महिने मोजला.

त्या एका हिवाळ्याची किंमत आज कळते. वेधशाळेच्या कामांत १९४५ सालीं खंड पडला, तो सोडल्यास तिच्या नोंदी सव्वाशें वर्षें चालत आल्या आहेत. १४ फेब्रुवारी १९४० चें उणें ३५·६ अंशांचें उष्णमान आपणांस ठाऊक आहे तें अशा कोणी तरी त्या थंडींत बाहेर येऊन पाहिलें म्हणून. एन्त्सेनस्पेर्गरला मात्र एवढ्यानें समाधान झालें नाहीं. १९०१ त द्रिगाल्स्कीच्या दक्षिण ध्रुवाकडील मोहिमेबरोबर तो हिंदी महासागराच्या दक्षिणेस असलेल्या केर्गेलेन ह्या ओसाड बेटावरील हवामान-ठाण्यांत गेला, आणि २ फेब्रुवारी १९०३ रोजीं तेथें बेरीबेरीनें वारला. अन्नांतील एका घटकाच्या अभावीं हा रोग होतो, हें त्या काळीं नुकतेंच कोठें उमगूं लागलें होतें. त्यास तिशीहि पुरी झाली नव्हती.

त्यानंतर तेवीस वर्षांनीं, १९२६ त, ऑस्ट्रियाच्या बाजूनें पहिला रज्जुमार्ग कड्याच्या माथ्याजवळ आला. १९३० त जर्मन बाजूनें डोंगराच्या पोटांतून दांतेरी चाकांची आगगाडी आली. १९६३ त आइबझेहून थेट रज्जुमार्ग झाला, आणि त्याच्या जागीं आम्ही बसलों तो नवा मार्ग २१ डिसेंबर २०१७ पासून चालूं आहे. युक्ति जुनीच आहे : दोन गाड्या एकाच ओढदोराला बांधलेल्या, एक उतरते तेव्हां तिचें वजन दुसरीला वर ओढावयास मदत करतें. दरम्यान १९३८ त लष्करी ठाण्यासाठीं पश्चिमेकडील माथा सुरुंगानें उडविण्यांत आला. तें ठाणें बांधलें गेलेंच नाहीं, माथा मात्र गेला. आणि डोंगर पाळलेला झाला असें ज्यांस वाटलें त्यांस १५ मे १९६५ रोजीं प्रत्यय आला. माथ्याखालच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर लोक ऊन खात बसले असतां हिमकडा कोसळला व दहाजण ठार झाले. त्याच इमारतींत आतां वातावरणाचें संशोधन चालतें.

नवा रज्जुमार्ग सुरू झाल्यावर वर्षाच्या आंतच, २०१८ त, वेधशाळेंतील मानवी निरीक्षकांचें काम संपलें; नोंदी आतां यंत्रेंच घेतात. त्यांत कांहीं गैर झालें असें आम्ही म्हणणार नाहीं. एका तरुणानें हिवाळाभर तेथें गोठत बसावें असें कोण म्हणेल? तरी दहा मिनिटांत जातां येऊं लागल्यावर तेथें राहण्याचें कोणास कारण उरलें नाहीं, हें चमत्कारिक खरें. यंत्रांच्या आंकड्यांवरून उष्णमान वाढत असल्याचें दिसतें, आणि माथ्याखालचा दक्षिण श्नेफेर्नर हा हिमप्रवाह २०२२ च्या सप्टेंबरांत हिमनद्यांच्या यादींतून काढण्यांत आला, इतकें त्याचें बर्फ विरलें आहे. आम्ही गेलों त्या दिवशीं तेथें ताजें हिम पडलेलें होतें, आणि त्याच्या खालीं हिमनदी आहे कीं नुसता खडक, हें वरून पाहणाऱ्यास कळण्याजोगें नव्हतें.