महाराष्ट्राचा रणजी संघ : भरती आणि ओहोटी
सातारा-सांगलीचे क्रिकेटपटू रणजी करंडकात महाराष्ट्र संघाकडून खेळतात. प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली या संघाने १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ दोनदा करंडक जिंकला. पहिल्या हंगामात सांगलीत जन्मलेल्या विजय हजारे यांनी बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या. पुढे ते बडोद्याकडूनच खेळू लागले, हे महाराष्ट्राचे मोठे नुकसान. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात महाराष्ट्राचे भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३ वर असताना काठियावाडने सामनाच सोडून दिला. ब्रॅडमन यांचा ४५२ धावांचा विश्वविक्रम मोडायला फक्त १० धावा हव्या होत्या. चाहत्यांची ही चुटपुट रास्तच आहे. त्यानंतर महाराष्ट्राला १९७०-७१ मध्ये मुंबई, १९९२-९३ मध्ये पंजाब आणि २०१३-१४ मध्ये कर्नाटक यांच्याकडून अंतिम सामन्यात हार पत्करावी लागली.