मागणीशिवाय आलेले टपाल

अमेरिकन मराठी मिशनने १८४२ मध्ये अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू केले, तेव्हा टपालहशील अंतरानुसार आकारले जाई आणि बहुधा घेणाऱ्याकडूनच वसूल होई. न मागितलेल्या पत्राचा भुर्दंडही त्यालाच. १८५४ मध्ये अर्ध्या आण्याचे तिकीट आले, देशभर एकच दर झाला. बिनतिकिटाच्या पत्राचा दुप्पट आकार मात्र घेणाराच भरी.

१८७७ मध्ये व्ही. पी. (व्हॅल्यू-पेएबल, म्हणजे पैसे भरून वस्तू सोडवण्याची टपालसेवा) सुरू झाली. नगर जिल्ह्यातल्या आडगावच्या वाचकालाही आता पुण्या-मुंबईचे पुस्तक मागवून पैसे टपालखात्याकडे भरता येऊ लागले. पण या सोयीत फसवणुकीलाही वाव होता. मागणी नसताना पार्सल धाडावे आणि घरातल्या कोणीतरी ते पैसे भरून सोडवावे, एवढे पुरे होते. १८९८ च्या टपाल कायद्याने यावर नेमका उपाय शोधला: खरी मागणी आल्यावरूनच वस्तू पाठवीत आहोत, असे पाठवणाऱ्याने जाहीर करावे, ही अट घालण्याची तरतूद झाली. पुराव्याचा भार पाठवणाऱ्यावर टाकणारा हा विचार मोलाचा होता.

पुढे दूरध्वनीवरून येणाऱ्या जाहिरातींबाबत हा विचार मागे पडला. २००७ ची नोंदवही असे फोन ‘नको’ म्हणणाऱ्यांची होती. संमती नोंदवण्याची पक्की व्यवस्था २०१८ च्या नियमांनी आणली. ईमेल या नियमांबाहेरच राहिले. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानुसार संमती मोकळेपणाने, विशिष्ट कारणासाठी आणि स्पष्ट कृतीतून दिलेली हवी. ती मागे घेणेही तितकेच सोपे हवे. वाद उद्भवल्यास संमती होती हे विदा वापरणाऱ्यानेच सिद्ध करायचे आहे.