ताई आहे ना बघायला!

सख्यांनो, थंडीत आमच्या हेदवीला सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. घरात सूर्यास्तापूर्वी जेवायचा नियम. पण दुकान आवरून आम्ही दोघं घरी पोचतो तेव्हा दिवेलागण होऊन गेलेली असते. त्यामुळे शाळेतून आल्यावर धाकट्याला वेळेत जेवू घालायचं आणि आम्ही येईपर्यंत सांभाळायचं काम आपसूकच दहा वर्षांच्या लेकीकडे गेलं. "ताई आहे ना बघायला," असं मी चारचौघींत कौतुकाने सांगायचे. गेल्या महिन्यात तिची वही उघडली, तर गृहपाठाची पानं कोरी! म्हणाली, "तो झोपला की करणार होते, पण तोवर मलाच झोप येते."

त्या रात्री मला ताराबाई मोडक आठवल्या. १९४५ साली त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी वस्तीत गेलं. शाळा होती, पण मुलं येईनात. आईबाप मजुरीला गेले की मुलगे गुरं राखायचे आणि मुली कडेवर भावंडं घेऊन बसायच्या. घराचा सांभाळ या मुलांवरच होता, मग ती शाळेत येणार कशी?

ताराबाईंनी मुलांना दोष दिला नाही. त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. तीच विकासवाडी. धाकटं पाळणाघरात सोडून ताई शेजारच्या वर्गात बसू लागली. गुराख्यांसाठी शिक्षक कुरणात गेले. तिला कुरणशाळा म्हणत.

सरकारी नियमही पाहिले. १९४८ च्या कारखाना कायद्याने पन्नासहून अधिक बायका कामाला असतील तिथे पाळणाघर बंधनकारक केलं. १९७६ मध्ये ही अट तीसवर आली. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाड्या गावोगाव पोचल्या. पण दोन्हीकडे वयाची मर्यादा सहा वर्षांची. शाळकरी मुलाची संध्याकाळ त्यात कुठेच नाही.

पूर्वी आपल्याकडे ती उणीव जाणवत नसे. कोकणातले कितीतरी बाप मुंबईच्या गिरण्यांत चाकरमानी, पण पडवीत आजी, काकू, कोणीतरी असायचंच. आता पडवी आहे, माणसं नाहीत. आणि मोकळी झालेली ती जागा आपण न विचारता थोरल्या लेकीला देतो.

मुलांवर किती लक्ष हवं, याचं माझ्यापुरतं उत्तर मला सापडलं. दहा वर्षांचं मूल स्वतःपुरतं तासभर घरी राहील. पण परसातली विहीर, गॅस आणि पाच वर्षांचा भाऊ, हा भार त्याच्यावर नको. आता शेजारच्या काकू दोघांनाही त्यांच्याकडे बसवतात, उजेड असतानाच जेवू घालतात. त्याचे पैसे मी दर महिन्याला हातात देते. त्या नको म्हणतात, तरी देते. आठवड्यातले दोन दिवस मी स्वतः लवकर परतते.

काल लेक म्हणाली, "आई, आज मी खेळायला गेले होते." वहीही पूर्ण होती.

तुमच्या घरी धाकट्याकडे बघायला ताई असेल, तर एकदा विचारा: ताईकडे कोण बघतं?