देवनागरी मुद्राक्षरे आणि भूमिती : 'पॉपिन्स'चा विचार

अमेरिकन मराठी मिशनने १८४२ मध्ये अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे 'ज्ञानोदय' सुरू केले. त्या शतकातील देवनागरी खिळ्यांवर बोरूच्या जाड-बारीक वळणाची छाप होती. पुढे पॉल रेनर यांच्या 'फ्यूचुरा'ने (१९२७) रोमन अक्षर वर्तुळ व सरळ रेषेवर उभे केले. देवनागरीत मात्र शिरोरेषा, मात्रा व जोडाक्षरे यांमुळे समान जाडीच्या रेषा दाटतात. इंडियन टाइप फाउंड्रीच्या 'पॉपिन्स'मध्ये (२०१४) निनाद काळे यांनी देवनागरी, तर जॉनी पिनहॉर्न यांनी रोमन अक्षरे घडविली. त्यात रेषांचे सांधे आवश्यक तेथे बारीक केले असून रोमन मोठी अक्षरे देवनागरीपेक्षा बुटकी ठेवली आहेत. परिणामी द्विभाषिक फलकावर मराठी दुय्यम भासत नाही. खुल्या परवान्यामुळे हा टंक महाविद्यालयांनाही विनामूल्य उपलब्ध आहे. सारांश, देवनागरीत भूमितीने वाचनीयतेपुढे नमते घेणेच इष्ट ठरते.